दुकानदारही खरं बोलतोय आणि केबलवालाही, मग नेट का चालत नाहीये?

पत्र असं आहे (थोडं छोटं करून देतोय):

"मी कराडची, वय ६२, शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. जुना कॉम्प्युटर फारच स्लो झाला म्हणून मागच्या आठवड्यात इथल्याच एका दुकानातून नवीन असेंबल करून घेतला, विंडोज ११ आणि मोठा २४ इंची मॉनिटर. आमच्या मिस्टरांना मोबाईलवर नीट दिसत नाही, मुलगी डब्लिनला असते, रविवारी तिचा चेहरा त्यांना मोठा दिसावा एवढ्यासाठी हा सगळा खर्च केला. दुकानात यूट्यूब लावून दाखवलं, छान चाललं. घरी आणून केबलवाल्याची तीच जुनी वायर लावली तर खाली पृथ्वीचं चित्र आणि नो इंटरनेट. दुकानदार म्हणतो आमच्याकडे चाललं म्हणजे तुमची लाइन खराब, हवं तर वेगळं लॅन कार्ड टाकून देतो १२०० रुपयात. केबलवाला म्हणतो लाइन ओके आहे, कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम, नाहीतर नवीन फायबर कनेक्शन घ्या. जुन्यावर एक चित्र होतं, त्यावर डबल क्लिक करून कनेक्ट दाबलं की नेट सुरू व्हायचं. भाच्याने ते पेन ड्राइव्हवरून नवीनमध्ये आणलं तरी चालत नाही. आता तो म्हणतो गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. जुना सीपीयू अजून घरात आहे, भंगारवाला रविवारी येतो. कोणाचं ऐकू?"

काकू, आधी एक सांगतो, लॅन कार्डचे (म्हणजे नेटची वायर लावायची खाच असलेल्या वेगळ्या पट्टीचे) १२०० आत्ता देऊ नका, फायबरचंही आत्ता नको, आणि जुना सीपीयू रविवारी भंगारात तर अजिबात देऊ नका, कारण तुमचं नेट सुरू करायला लागणारी अर्धी माहिती त्याच्याच पोटात आहे.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी अशा आहेत की त्यावरून मला जवळजवळ खात्री वाटतेय की बिघाड कशातच नाहीये. दुकानात नेट चाललं, म्हणजे कॉम्प्युटर ठीक. केबलवाला म्हणतो लाइन ओके, तर तेही बहुतेक खरंच असणार. आणि ते चित्र, ज्यावर डबल क्लिक करून तुम्ही कनेक्ट दाबायचात, सगळा प्रश्न त्या चित्रात आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत, फक्त दोघांच्या मधे जे काम आहे ते कोणीच केलेलं नाहीये, आणि त्याचा मनस्ताप तुम्हाला होतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ते चित्र म्हणजे काय ते सांगतो, कारण एकदा कळलं की पुढे तुम्हाला कोणी गुंडाळू शकणार नाही. घरात आलेली वायर म्हणजे नुसता रस्ता. रस्त्याच्या तोंडाशी केबलवाल्याचा नाका आहे, तिथे युजरनेम आणि पासवर्ड सांगितल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं ते चित्र हेच काम करायचं, तुम्ही कनेक्ट दाबलं की ते नाक्यावर जाऊन तुमचं नाव आणि पासवर्ड सांगायचं. त्याला डायलर म्हणतात, आणि ह्या पद्धतीला पीपीपीओई. हे नाव सांगून ठेवतो कारण केबलवाल्याशी बोलताना आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तुम्हाला हाच शब्द भेटणार आहे. नाव डायलर पडलं ते टेलिफोनच्या जमान्यातून, १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीने आपल्याकडे सगळ्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा फोनच्या वायरवरून नंबर फिरवून नेट लावायचे, नंबर फिरवणं गेलं पण नाव सांगून आत जायची पद्धत राहिली.

मग दुकानात कसं चाललं? दुकानात राउटर असणार, नाव पासवर्ड एकदाच राउटरमध्ये भरून ठेवलेला असतो, तो स्वतःच नाक्यावर बोलतो आणि मागे लावलेल्या सगळ्या कॉम्प्युटरना नेट वाटतो, म्हणून तुमच्या नवीन मशीनला तिथे काहीच करावं लागलं नाही. तुमच्या घरी वायर थेट सीपीयूच्या मागे जाते, मधे राउटर नाही, म्हणजे नाव सांगायचं काम कॉम्प्युटरलाच करायला पाहिजे, आणि ते त्याला अजून कोणी शिकवलेलं नाही. भाच्याने पेन ड्राइव्हवरून जे आणलं तो फक्त शॉर्टकट, म्हणजे दारावरची पाटी काढून आणली पण घर तिकडेच राहिलं. त्याची चूक नाही, भल्याभल्यांना हे माहीत नसतं.

तरी माझ्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, दोन टेस्ट करा, दोन्ही फुकट आहेत, अर्ध्या तासात होतील.

पहिली टेस्ट नवीन कॉम्प्युटरची. वायर काढून ठेवा. तुमचा अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या यूएसबी केबलने सीपीयूला लावा, मोबाईलचा डेटा चालू ठेवा, मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंग असं काहीतरी असेल (प्रत्येक कंपनीत नाव थोडं वेगळं असतं), त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. एका मिनिटात कॉम्प्युटरला मोबाईलचं नेट मिळायला पाहिजे. यूएसबी टेदरिंगचं बटण फिकट दिसत असेल, दाबताच येत नसेल, तर केबल बदला, काही स्वस्तातल्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. नेट आलं की समजा विंडोज ठीक आहे. पण लगेच सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट इथे जाऊन मीटर्ड कनेक्शन नावाचं बटण ऑन करा, (मोबाईल केबलने लावला की तो पण इथरनेट म्हणूनच दिसतो, गोंधळू नका), नाहीतर नवीन विंडोज आल्या आल्या अपडेट ओढायला लागतं आणि तुमचा दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा चहा होईपर्यंत संपतो.

दुसरी टेस्ट लाइनची. तीच वायर जुन्या सीपीयूला लावा, जुना सुरू होईपर्यंत धीर धरा, आणि नेहमीसारखं डबल क्लिक करून कनेक्ट दाबा. लागलं तर लाइन ठीक, अकाउंट चालू, रिचार्ज संपलेला नाही, सगळं एका फटक्यात सिद्ध झालं. नाही लागलं तर मात्र केबलवाल्याला बोलवा आणि त्याच्या डोळ्यासमोर जुन्यावर लावून दाखवा, मग तो कॉम्प्युटर नवीन आहे असं कारण सांगू शकणार नाही, आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या.

वायर लावताना एक बारीक गोष्ट. लॅनच्या वायरच्या टोकाला जी प्लास्टिकची जीभ असते ती आत गेल्यावर टक् असा आवाज यायला पाहिजे. जुन्या वायरीची ती जीभ हमखास तुटलेली असते, मग वायर आत बसल्यासारखी दिसते आणि सीपीयू जरा भिंतीकडे सरकवला की केसाएवढी बाहेर येते. वाकून सीपीयूच्या मागे बघा, जिथे वायर जाते त्या खाचेजवळ बारीक लाइट असतात, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, बहुतेक हिरवा आणि केशरी. लाइट लागलेत म्हणजे पलीकडून कोणीतरी उत्तर देतंय. एकही लाइट नसेल तर टोक बदलून घ्या, केबलवाल्याकडे ते क्रिंप करायचं हत्यार असतं, दोन मिनिटाचं काम आहे. टोक बदलूनही लाइट नाही आणि तीच वायर जुन्याला लावल्यावर लाइट लागतो, तेव्हाच फक्त दुकानदाराकडे जायचं, आणि तेव्हा सुद्धा आधी लॅनचा ड्रायव्हर (ती खाच चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकून बघायला सांगायचं, कार्ड नाही. (स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, तिथे नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्समध्ये पिवळा त्रिकोण दिसतोय का किंवा इथरनेट कंट्रोलर असं अनाथासारखं वेगळं पडलंय का ते बघा, पडलं असेल तर ड्रायव्हर नाहीये.) आणि मशीन नवीन आहे, पोर्टच (म्हणजे ती वायरची खाच) खराब निघाला तर आतला मदरबोर्ड वॉरंटीत बदलून मिळायला पाहिजे, त्याचे १२०० कशाला?

आता दोन्ही टेस्ट पास झाल्या असं धरून पुढे जाऊ. जुन्या कॉम्प्युटरवर ते चित्र उघडाल तेव्हा वर युजरनेम लिहिलेलं दिसेल, ते वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या, लहान मोठी अक्षरं, अ‍ॅटचं चिन्ह, डॉट सगळं. पासवर्ड मात्र टिंबांमध्ये दिसेल, तो तिथून वाचता येत नाही, तो केबलवाल्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर कनेक्शन घेतलं तेव्हाची पहिली पावती सापडली तर तिच्या मागे पेनाने लिहिलेला असू शकतो, बघा एकदा. मग जुन्यावर डिस्कनेक्ट दाबा, ही पायरी विसरू नका, कारण एका नावाने एकाच वेळी बहुतेक एकच जण आत जाऊ शकतो, जुना आत असला तर नवीनला नाक्यावर अडवतात. पाच-दहा मिनिटं थांबा, त्यांच्या सर्व्हरला जुनं कनेक्शन सुटलंय हे कळायला कधी कधी वेळ लागतो.

वायर नवीनला लावा. कंट्रोल पॅनल उघडा, त्यात नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, त्यात सेट अप अ न्यू कनेक्शन, मग कनेक्ट टू द इंटरनेट, मग ब्रॉडबँड पीपीपीओई. तिथे युजरनेम पासवर्ड टाका, पासवर्ड लक्षात ठेवायची टिक करा, कनेक्ट दाबा. पुढच्या वेळी सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डायल-अप मध्ये गेलात की तुमचं कनेक्शन तिथे दिसेल. नशीब असेल तर इथेच काम होईल.

पण बहुतेक इथे नाही होणार, आणि हा भाग कोणी सांगत नाही म्हणून मी जरा जास्त सांगतो. माझ्या बहिणीकडे मी स्वतः एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत ह्याच जागी अडकलो होतो. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, दहा वेळा टाकला, विंडोज सुद्धा परत टाकायला काढलं होतं, आणि तिचा मुलगा आत अभ्यास सोडून बघत बसला होता. शेवटी केबलवाल्याच्या ऑफिसमधल्या मुलीने फोनवर एकच प्रश्न विचारला, मशीन बदललं का? आणि तिने तिकडे काहीतरी केलं, एका मिनिटात नेट सुरू.

झालं होतं असं की बरेच लोकल केबलवाले नाक्यावर नुसतं नाव विचारत नाहीत, गाडीचा चेसिस नंबर पण लिहून ठेवतात. प्रत्येक कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टला कारखान्यातूनच एक नंबर दिलेला असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. तुमचं कनेक्शन घेतलं त्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरचा मॅक अ‍ॅड्रेस त्यांनी तुमच्या नावापुढे बांधून ठेवला असणार, म्हणजे तुमचा पासवर्ड घेऊन शेजारच्याने नेट वापरू नये. ह्याला ते मॅक बाइंडिंग म्हणतात. नवीन कॉम्प्युटर म्हणजे नवीन नंबर, नाव पासवर्ड खरा असला तरी त्यांचा सर्व्हर म्हणतो ही गाडी माझ्या वहीत नाही. आणि लाइनवर आलेला माणूस आपला मीटर लावून बघतो, लाइन खरंच ओके असते, तो तसं सांगून निघून जातो.

कनेक्ट दाबल्यावर एरर आला तर त्याचा नंबर लिहून घ्या. ६९१ आला तर वायर तिथपर्यंत पोचतेय, पण नाव, पासवर्ड, बाइंडिंग, संपलेला रिचार्ज किंवा जुनं कनेक्शन सुटलेलं नसणं ह्यापैकी काहीतरी आहे. ६५१ आला तर तुमचा आवाज नाक्यापर्यंत पोचतच नाहीये, वायर, टोक, बिल्डिंगमधला त्यांचा बॉक्स बंद, किंवा काही ठिकाणी बाइंडिंगमुळे सुद्धा असं होतं. आणि भाचा कुठेतरी १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कमध्ये कॉम्प्युटरला मिळणारा नंबर) बघून कार्ड खराब आहे म्हणाला तर घाबरू नका. राउटर असलेल्या घरात तो नंबर दिसणं वाईट असतं, कारण तिथे राउटरने नंबर द्यायला हवा असतो. तुमच्यासारख्या थेट डायलरच्या लाइनवर कनेक्ट करायच्या आधी तोच नंबर दिसणार, त्यात काहीच गैर नाही. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ हा फरकच सांगत नाहीत आणि माणसं उगाच काळ्या खिडकीत कमांडी मारत बसतात.

तर नवीन कॉम्प्युटरचा मॅक अ‍ॅड्रेस काढायचा कसा? सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, खाली सरकवत जा, फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणून दोन-दोनच्या सहा जोड्या दिसतील, एकूण बारा अक्षरं आकडे. (हे करताना मोबाईल काढून ठेवा, नाहीतर मोबाईलचा नंबर उतरवून घ्याल.) तो फोनवर वाचून दाखवू नका, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप करा, कारण बी आणि ८, डी आणि ० ह्यात हमखास घोळ होतो. वहीत उतरवणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं असतात, म्हणजे गोल दिसला तर तो शून्यच, ओ कधीच नाही.

आणि केबलवाल्याला फोन करून नेट चालत नाही असं म्हणू नका, ते म्हटलं की तो परत लाइन चेक करायला माणूस पाठवणार. असं म्हणा: "माझा कॉम्प्युटर बदललाय, जुन्यावर नेट चालू आहे, माझ्या अकाउंटचं मॅक बाइंडिंग काढून नवीन मॅक टाका आणि पीपीपीओईचा पासवर्ड सांगा." एवढं वाक्य बोललात की पलीकडचा माणूस ताळ्यावर येतो. हे काम तो ऑफिसमध्ये बसून करू शकतो, घरी यायची पण गरज नसते, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे मागितले तर कशाचे ते स्पष्ट विचारा.

तुम्ही पुढेमागे राउटर घेणार असाल, आणि घ्याच असं मी म्हणेन, तर आत्ताच घेऊन बाइंडिंग थेट राउटरच्या मॅकवर करून घ्या, म्हणजे दोनदा विनवण्या नकोत. नाव पासवर्ड राउटरमध्ये जातो, डबल क्लिक कायमचं सुटतं, मोबाईललाही वायफाय मिळतं, आणि पुढे कॉम्प्युटर कितीही वेळा बदलला तरी नाक्यावर गाडी तीच राहते. केबलवाल्याची वायर राउटरच्या वॅन लिहिलेल्या खाचेत, आणि दुसरी छोटी लॅन वायर राउटरमधून कॉम्प्युटरला. असेंबल केलेल्या बऱ्याच मशीनमध्ये वायफाय नसतंच, दुकानदाराला विचारून ठेवा, नसलं तरी वायरने काही अडत नाही, उलट व्हिडिओ कॉलला वायरच चांगली.

फायबर कधीच नको असं मी म्हणत नाही, चांगलंच असतं ते, पण आहे ते कनेक्शन चालू झाल्यावर, स्पीड कमी वाटला तर शांतपणे चौकशी करून घ्या.

आता भाच्याचं. त्याला सांगा गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नकोस. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. असे खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत, ते गोड बोलून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात, मग दहा रुपये भरून तक्रार रजिस्टर करा म्हणतात, आणि तेवढ्यात यूपीआयचा पिन बघून खातं रिकामं करतात. नंबर फक्त बिलावरचा किंवा पावतीवरचा. कोणी चुकून फसलंच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा, तो सायबर फसवणुकीसाठी सरकारी नंबर आहे.

अजून एक, हे नेटशी थेट संबंधित नाही पण असेंबल मशीन म्हटलं की मी विचारतोच. सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन मध्ये जाऊन विंडोज अ‍ॅक्टिव्ह आहे का बघा, आणि दुकानदाराला लायसन्सची की बिलावर लिहून मागा. की देता येत नसेल तर तुमच्या मशीनमध्ये क्रॅक टाकलेलं, म्हणजे विनापरवाना चालवलेलं विंडोज असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्या कॉम्प्युटरवरून पेन्शनचं बँकेचं काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नेट लागलं पण प्रत्येक साइट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणत असेल तर खाली तारीख बघा, वर्ष चुकलेलं असेल तर नीट करा, तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं त्याला मुदतीबाहेरची वाटतात. रोज तारीख मागे जात असेल तर आतला बटणासारखा गोल सेल गेलाय, सीआर २०३२ नाव त्याचं, स्वस्तात मिळतो.

जुन्या सीपीयूचं सांगतो. नवीनवर नेट आठवडाभर नीट चालल्याशिवाय तो हलवू नका. त्यावर विंडोज ७ असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत, त्यामुळे टेस्टपुरता वापरा, बँकेसाठी नको. देताना आतली हार्ड डिस्क काढून घ्या, चार स्क्रू असतात, दुकानदार काढून देईल. त्यात तुमचे फोटो आहेत, शाळेची कागदपत्रं असतील, नुसतं डिलीट करून ती जात नाहीत.

आणि काकू, पत्र परत वाचताना लक्षात आलं, तुम्ही मॉनिटर लिहिलाय पण वेबकॅमचं काहीच लिहिलं नाहीये. मॉनिटरला बहुतेक कॅमेरा आणि माइक नसतो. मुलीचा चेहरा काकांना मोठा दिसेल, पण तुम्ही दोघं तिला दिसणार नाही आणि तुमचा आवाज पण जाणार नाही. जुन्याला यूएसबीवाला वेबकॅम असेल तर तोच काढून नवीनला लावा, चालून जाईल, त्यातल्या बऱ्याच जणांत माइक असतोच. नसेल तर ते १२०० रुपये वाचतायत, त्यातून एक वेबकॅम आणा, शनिवारीच लावून ठेवा आणि मुलीला एक ट्रायल कॉल करून बघा.